मुंबई ते मालवण सायकलने, किनाऱ्याकिनाऱ्याने, किल्ले बघत

डिसेंबरात आम्ही दोघं निघतोय, भाऊच्या धक्क्यावरून रोरोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडव्याला उतरायचं आणि पुढे जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. आठ दिवस पुरतील का? गिअरची सायकल आहे पण घाटाची सवय नाही.

— आठ दिवस पुरतात, पण एक दिवस जास्तीचा ठेवाच. नकाशावर रस्ता सपाट दिसतो, पण प्रत्येक खाडीला उतार उतरायचा, फेरीबोटीत सायकल चढवायची आणि पलीकडे लगेच चढ. आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या चार फेऱ्या घ्या, खूप फेरा वाचतो. माझे मागचे ब्रेक पॅड तिसऱ्याच दिवशी पत्र्यासारखे पातळ झाले होते, जास्तीची जोडी न्या.

— हर्णैला घाई करू नका हो! संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, मी सायकल भिंतीला टेकवून तासभर नुसता बघत बसलो. सिंधुदुर्गाला सकाळच्या पहिल्या होडीने जा, तटावर गर्दी नसते.

— पाणी दोन लिटर तरी ठेवा, जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, सावली अजिबात नाही.