शहरातली फिक्सी: पुढचा ब्रेक ठेवायचा की काढायचा?

जुनी_रोडस्टर

वडिलांची काळी रोडस्टर, म्हणजे जुन्या पद्धतीची साधी जड सायकल, गेली अकरा वर्षं जिन्याखाली पडून होती. दिवाळीत बाहेर काढली आणि तिची फिक्सी करून घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फिक्सीला फ्रीव्हील नसतं. मागचं चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, उतारावरसुद्धा. वेग कमी करायचा तर पायांनी पायडलला उलटा जोर द्यायचा. तीन महिने झाले, रोज कोथरूड ते शिवाजीनगर याच सायकलवर जातो-येतो.

बरेच जण विचारतात म्हणून आधी बांधणीबद्दल. रोडस्टरची फ्रेम या कामाला फार चांगली. मागच्या चाकाची खाच मागे उघडते, म्हणून चाक सरकवून चेन ताणता येते. आजकालच्या गिअरवाल्या सायकलींची खाच बहुतेक उभी असते, तिथे हे जमत नाही. घोडं अडलं ते आऱ्यांवर. आपल्या रोडस्टरला मागे 40 आरे, पुढे 32, आणि मला ट्रॅकचा (शर्यतीच्या गोल धावपट्टीवरच्या सायकलचा) हब, म्हणजे आरे जिथे बसतात तो चाकाचा मधला भाग, मिळाला 36 भोकांचा. जुन्या रिमचा मोह सोडला आणि दोन्ही चाकं 700सी मापाची करून घेतली. पुढे मूळचंच 44 दात्यांचं चक्र, मागे 18 दात्यांचा कॉग, म्हणजे मागचं छोटं चक्र. चेन मध्यावर बोटाने दाबली की साधारण सेंटिमीटरभर हलावी. फार ताणली तर चाक जड फिरतं आणि सैल राहिली तर उतरते. फिक्सीची चेन वेगात उतरली तर मागचं चाक जाम होऊ शकतं, हे विसरू नका.

आता वादाचा मुद्दा. पुढच्या चिमट्याच्या माथ्यावर मी लांब हाताचा कॅलिपर ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी रबराने धरणारा) बसवलाय. फोटो टाकल्यावर तिघांनी तेच सांगितलं, ब्रेक काढ, सायकल उघडी-वाघडी छान दिसेल. मी काढणार नाही, आणि रस्त्यावर चालवणाऱ्या कुणीच काढू नये असं माझं ठाम मत आहे. थांबताना आपलं वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं आणि नेमकी त्याचीच पकड जाते. पायांत कितीही ताकद असो, घसरणाऱ्या टायरला ती देऊन उपयोग काय?

उलटा_जोर

तुमची सायकल आवडली, मत पटलं नाही. मी सहा वर्षं बिनब्रेकची चालवतोय, त्यातली पहिली दोन फक्त ट्रॅकवर. ट्रॅकवर ब्रेक लावायला बंदीच असते. मागचा माणूस तुमच्या चाकापासून वीतभर अंतरावर असतो, तुम्ही अचानक ब्रेक दाबला तर तो तुमच्यावरच येणार. तिथे तयार झालेला माणूस रस्त्यावर आला की लांबचं बघायला शिकतो. चौकातला सिग्नल पडायच्या आत माझे पाय जड झालेले असतात. रिक्षा कडेला लागणार हे तिच्या पुढच्या चाकाच्या वळण्यावरून कळतं. हाताशी ब्रेक आला की ही नजर बोथट होते, हे मी मित्रांमध्ये पाहिलंय. आणि स्किड, म्हणजे पाय आवळून मागचं चाक जाम करून घसरत थांबणं, नीट येत असेल तर थांबता येतं. तुमचं 44 आणि 18 चं जमवणं छान आहे, दर वेळी तोच पाय पुढे ठेवून स्किड केलं तरी टायर एकाच जागी न झिजता नऊ जागी झिजतो. माझ्या ओळखीतल्या एकाने 48 ला 16 लावले होते. पायडलच्या एका फेरीला चाकाच्या बरोब्बर तीन, म्हणजे प्रत्येक स्किड टायरच्या त्याच एका जागी. महिनाभरात टायरच्या आतलं कापड दिसायला लागलं.

पान्हे_आणि_ग्रीस

ब्रेकचं तुम्ही बघा, मला एक कळकळीने सांगायचंय. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. कॉलेजची मुलं येतात आणि म्हणतात, "काका, फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून द्या, फिक्सी होईल." मी देत नाही. दुसरीकडून करून घेतलेली एक माझ्याकडे आली होती. चाक हातात धरलं, पायडल मागे दाबलं, तर अख्खं फ्रीव्हील आट्यांवरून सुटून मोकळं फिरायला लागलं. साध्या हबचे आटे सरळ असतात. पुढे पायडल मारलं की घट्ट होतात, उलटा जोर दिला की सुटतात. म्हणजे ज्या क्षणी थांबायचंय नेमक्या त्याच क्षणी पाय हवेत. ट्रॅक हबला कॉगच्या बाहेर लॉकरिंग (कॉगला जागेवर धरणारी कडी) असते आणि तिचे आटे उलटे. कॉग सुटायला गेला तर लॉकरिंग आणखी आवळते. हजार-दोन हजार वाचवायला जाऊन हे करू नका. त्या मुलाच्या सायकलला ब्रेक एकही नव्हता.

गुडघा_दुखतोय

तुम्ही दोघंही ब्रेकवर भांडताय, मला मूळ गोष्टच पटत नाही. शहरात फिक्सी कशाला? हिशोब करा. 44 ला 18, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण 5.2 मीटर जाते. ताशी 25 च्या वेगाला मिनिटाला 80 फेऱ्या, ठीक आहे. चांदणी चौकाकडून कोथरूडला उतरताना ताशी 45 लागतात. तिथे मिनिटाला 144 फेऱ्या मारणार? न मारून सांगता कुणाला, चाकच मारून घेतं. मी वर्षभर चालवली आणि सोडली. गतिरोधकावर पाय थांबत नाहीत, वळणावर आतलं पायडल रस्त्याला घासतं, आणि गुडघ्याचं जे व्हायचं ते झालं. सायकल उलटी ठेवून चाक फिरवत चेन पुसताना फडकं दात्यांत गेलं आणि मागोमाग बोटाचं टोक. चाक थांबेपर्यंत चेन थांबली नाही. नख परत यायला सहा महिने लागले. फ्रीव्हीलवाली एका गिअरची सायकल घ्या, दोन ब्रेक लावा. हलकी, साधी, तेवढीच सुंदर.

जुनी_रोडस्टर

बोटाचं वाचून अंगावर काटा आला. चेन पुसताना चाक हाताने ढकलायचं नाही, पायडल धरून इंच-इंच पुढे घ्यायचं, हे मीही उशिराच शिकलो. पण "कशाला" याचं उत्तर माझ्याकडे आहे. म्हात्रे पुलावरून सकाळी साडेसातला जाताना त्या सायकलशी जो संबंध जुळतो तो मला दुसऱ्या कुठल्या सायकलवर मिळाला नाही. रस्ता ओला झाला की मागचं चाक पायाला सांगतं. चढावर चाकाची गतीच पायडलला वरच्या टोकावरून पुढे नेते. चांदणी चौकाचा उतार मी ब्रेक धरून ताशी 25 नेच उतरतो, आणि तो ब्रेक आहे म्हणूनच उतरू शकतो. तुमचा आक्षेप माझ्या बाजूचाच पुरावा आहे.

श्प्रे_नदीकाठी

बर्लिनहून लिहितोय. मूळचा साताऱ्याचा. इथे नियम स्पष्ट आहे, सायकलला एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक हवेत. 2009 मध्ये बर्लिन पोलिसांनी मोहीमच काढली होती आणि बिनब्रेकच्या फिक्सी जप्त केल्या होत्या. ब्रिटनमध्ये 1983 च्या नियमांनुसार फिक्स्ड चाक असेल तर मागचा ब्रेक नसला तरी चालतो, पण पुढचा लागतोच. 2016 मध्ये लंडनला पुढचा ब्रेक नसलेल्या ट्रॅक सायकलची धडक बसून रस्ता ओलांडणारी एक बाई गेली. चालवणारा तरुण सदोष मनुष्यवधातून सुटला, पण 1861 च्या जुन्या कायद्याखाली त्याला 18 महिन्यांची शिक्षा झाली. उलटा_जोर, तुम्ही म्हणता नजर तयार होते. असेल. त्या बाईंची नजर तयार असायची जबाबदारी नव्हती.

उलटा_जोर

शेवटचं वाक्य लागलं. लागायलाच हवं होतं. तरी एक सांगतो. आपल्याकडे दोन-दोन ब्रेकच्या सायकली रोज पाहतो, रबर झिजून लोखंड रिमला घासतंय, तार गंजलीय, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. माझी सायकल माझ्या पायांइतकी भरवशाची आहे आणि पाय मी रोज तपासतो. स्किडला लांब अंतर लागतं हे मला मान्य आहे. किती लांब यावर मात्र माझा विश्वास बसायचाय.

जुनी_रोडस्टर

मग मोजलं. रविवारी पहाटे सोसायटीमागच्या सरळ, कोरड्या गल्लीत खडूने रेघ मारली. भाचा टेप घेऊन उभा. मीटरवर ताशी 25, रेघेवर थांबायला सुरुवात, दोन्ही प्रकारे प्रत्येकी पाच वेळा. पुढचा ब्रेक आणि पायांचा उलटा जोर मिळून: सगळे सहा मीटरच्या आत. नुसतं स्किड: सर्वांत चांगलं 11.8 मीटर, सर्वांत वाईट 14. माझं स्किड तुमच्यासारखं नसणार, म्हणून तुम्ही करून बघा. पण दोन्हींतला फरक सहा-एक मीटरचा, म्हणजे एका मोटारीहून लांब जागा, आणि लक्ष्मी रोडला तेवढी मोकळी जागा कधी असते?

पान्हे_आणि_ग्रीस

ओल्या रस्त्यावर मोजलं का? रिमवर पाणी असलं की रबर पहिल्या एक-दोन फेऱ्या नुसतं पुसत राहतं. तेव्हा पायांचा जोर आधी द्या, ब्रेक मागून धरेल.

उलटा_जोर

पुढच्या रविवारी मी येतो. माझी सायकल, माझे पाय, तुमचा टेप. रस्त्यावर बादलीभर पाणी टाकून दोन्ही मोजू. नऊ मीटरच्या आत थांबलो नाही तर पान्हेवाल्या काकांकडून कॅलिपर बसवून घेतो. काका, माझ्या चिमट्याला भोक नाही, ते पाडता येईल का तेवढं सांगा.

पान्हे_आणि_ग्रीस

चिमटा बघितल्याशिवाय नाही सांगणार. कार्बनचा असेल तर भोक पाडणार नाही, भोकाचा दुसरा चिमटा घ्यावा लागेल. शनिवारी संध्याकाळी आणा.