मदत हवी आहे: वार्धक्यशास्त्रात पगार नेमका कशावर ठरतो?

समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण झालंय, वृद्धांच्या निवासी केंद्रात समन्वयक म्हणून ४ वर्षं काम करतेय. आता वार्धक्यशास्त्राचा डिप्लोमा करावा की मास्टर्स, इथे अडकलेय. मी डॉक्टर किंवा नर्स नाही, त्यामुळे वृद्धांच्या वैद्यकीय उपचारांची वाट माझ्यासाठी नाही.

जाहिराती चाळल्या, या क्षेत्रातल्या दोघींशी बोलले. रुग्णालय, संशोधन आणि स्वयंसेवी संस्था यांच्या पगारांत तफावत असते, एवढं कळलं. पण एकाच प्रकारच्या संस्थेत दोघांचा पगार वेगळा का, ते नाही कळलं.

रात्रपाळी जमणार नाही, नोकरी सोडून शिकणंही नाही. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्यांसोबतचं काम मात्र सोडायचं नाही, त्यात माझा जीव आहे.

मग पगारात खरा फरक कशाने पडतो: मोठ्या पदवीने, डिमेन्शियातल्या विशेष प्रशिक्षणाने, की माणसं आणि बजेट सांभाळल्याच्या अनुभवाने?