हौशी, व्यावसायिक आणि आक्सेल शुल्त्स: मुष्टियुद्धातील काही शब्द

जर्मन हेवीवेट मुष्टियोद्धा आक्सेल शुल्त्स याच्या कारकिर्दीविषयी मराठीत लिहायचे झाल्यास ‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ हे दोन शब्द पुरेसे आहेत का, असा मूळ प्रश्न आहे. माझ्या मते शब्द पुरेसे आहेत, परंतु ते माणसाला लावायचे की खेळाच्या प्रकाराला, हे आधी ठरवले पाहिजे.

मराठीत ‘हौशी’ म्हटले की हौशी नाट्यसंस्था आठवतात. दिवसभर कचेरीत किंवा शाळेत काम करून संध्याकाळी तालमीला जाणारी आणि प्रसंगी पदरमोड करून प्रयोग लावणारी माणसे या शब्दाने सूचित होतात. शुल्त्सचा जन्म 1968 साली पूर्व जर्मनीतील बाद सारो येथे झाला आणि पोलंडच्या सीमेवरील फ्रांकफुर्ट आन डेर ओडर या शहरात, लष्कराच्या क्रीडासंघात, तो मुष्टियोद्धा म्हणून तयार झाला. त्या देशात व्यावसायिक मुष्टियुद्धाला परवानगी नव्हती. मुलांमधील गुण लहानपणीच हेरून त्यांना क्रीडाशाळेत घातले जाई, आणि पुढे त्यांचा सराव, आहार, औषधोपचार व उपजीविका या सगळ्यांची जबाबदारी शासनयंत्रणा उचलत असे. अशा रीतीने दिवसभर केवळ मुष्टियुद्धच करणाऱ्या खेळाडूला ‘हौशी मुष्टियोद्धा’ म्हटले, तर मराठी वाचकाची निश्चितपणे दिशाभूल होते. म्हणून ‘हौशी गटातील कारकीर्द’ असे लिहावे. त्यामुळे कोणत्या नियमांखाली लढती झाल्या एवढेच कळते, आणि पोट कशावर चालत होते याविषयी चुकीचे काही सुचवले जात नाही. ‘धंदेवाईक’ हा जुना शब्द मात्र आता टाळावा. त्याला चिकटलेला हेटाळणीचा सूर या खेळाडूंवर अन्याय करणारा आहे.

दोन्ही प्रकारांतला दुसरा फरक ‘स्पर्धा’ आणि ‘लढत’ या शब्दांत उत्तम पकडता येतो. हौशी गटात स्पर्धा असते, तिच्यात काही दिवसांत एकामागून एक प्रतिस्पर्धी समोर येतात आणि शेवटी पदके मिळतात. शुल्त्सने 1989 साली अथेन्सच्या युरोपीय स्पर्धेत रौप्यपदक आणि मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, ते अशा रीतीने. व्यावसायिक गटात मात्र जगज्जेतेपदाची एकेक लढत ठरवली जाते आणि तिच्यासाठी महिनोन्महिने तयारी चालते. ‘जागतिक स्पर्धेत तिसरा’ आणि ‘जगज्जेतेपदासाठी लढला’ ही विधाने एकाच मापाने मोजता येत नाहीत. ‘हेवीवेट’ या शब्दाचीही तीच गत आहे. त्या काळी हौशी गटात हेवीवेट म्हणजे 81 किलोंच्या वर आणि 91 किलोंपर्यंत, तर त्यापुढचा तो सुपर हेवीवेट. व्यावसायिक गटात मात्र तेव्हा 190 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 86 किलोंच्या, वरचे सगळे हेवीवेट, आणि वजनाला वरची मर्यादाच नाही. दोन्हीकडे ‘हेवीवेट’ लिहिताना हा खुलासा एकदा तरी करावा.

बर्लिनची भिंत कोसळल्यानंतर 1990 मध्ये शुल्त्स व्यावसायिक झाला. 1968 च्या ऑलिंपिकमधील सुवर्णविजेता मानफ्रेड वोल्के हा त्याचा प्रशिक्षक होता, आणि वोल्केचाच दुसरा शिष्य हेन्री मास्के त्याच्याबरोबर होता.

निर्णयाविषयीचे शब्द सर्वांत महत्त्वाचे, कारण शुल्त्सची सगळी कहाणी त्यांच्यातच आहे. 22 एप्रिल 1995 रोजी लास व्हेगासमध्ये 46 वर्षांच्या जगज्जेत्या जॉर्ज फोरमनविरुद्ध तो बारा फेऱ्या लढला. फोरमनचा डावा डोळा सुजून जवळजवळ मिटला होता. दोन पंचांनी 115-113 असे फोरमनच्या बाजूने गुण दिले आणि तिसऱ्याने 114-114 अशी बरोबरी दाखवली. याला ‘बहुमताचा निर्णय’ म्हणता येईल, कारण शुल्त्सच्या बाजूने एकही पंच नव्हता. डिसेंबर 1995 मध्ये श्टुटगार्टला फ्रान्स बोथाविरुद्ध आणि जून 1996 मध्ये डोर्टमुंडला मायकेल मूररविरुद्ध मात्र पंचांत फूट पडली होती. त्यासाठी ‘विभाजित निर्णय’ असा अवघड शब्द घडवण्यापेक्षा ‘दोन विरुद्ध एक अशा मतांनी’ हे सरळ मराठी मला अधिक पटते. जगज्जेतेपदाच्या या तिन्ही लढतींबद्दल नुसते ‘हरला’ लिहू नये, ‘गुणांवर हरला’ असेच लिहावे. कुस्तीत चीतपट होणे आणि गुणांवर हरणे यांतला फरक आपला वाचक पिढ्यान्‌पिढ्या जाणतो, आणि शुल्त्सच्या बाबतीत तो सांगितलाच पाहिजे.

बोथाच्या लढतीला आणखी एक शब्द लागतो. बोथा उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत दोषी आढळला, त्याचे विजेतेपद काढून घेतले गेले आणि निकाल पुसला गेला. याला ‘अनिर्णित’ म्हणणे साफ चूक आहे. अनिर्णित लढतीचा निकाल बरोबरीचा असतो, तर येथे निकालच उरला नाही. ‘रद्दबातल’ हा कायद्याच्या भाषेतला शब्द येथे नेमका बसतो.

सप्टेंबर 1999 मध्ये कोलोनला व्लादिमीर क्लिच्को याच्याविरुद्ध आठव्या फेरीत लढत थांबवण्यात आली. वर्तमानपत्री ‘तांत्रिक नॉकआउट’ चालू शकेल, पण ‘पंचाने लढत थांबवल्याने पराभूत’ यातून प्रत्यक्ष काय घडले ते दिसते. 2006 मधील ब्रायन मिंटोविरुद्धच्या एकमेव लढतीला ‘पुनरागमन’ म्हणण्यास हरकत नाही; ती सहाव्या फेरीतच संपली.

राहता राहिला त्याच्या नावामागे लावायचा शब्द. ‘माजी जगज्जेता’ तो कधीच नव्हता. बुद्धिबळामुळे रुळलेला ‘आव्हानवीर’ हा शब्द त्याला तंतोतंत लागू पडतो: जगज्जेतेपदासाठी तीनदा लढलेला आव्हानवीर.