मदत हवी आहे : तोंडी भरतीतला भेदभाव मोजायचा कसा?

सोलापुरातील टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांतून काम सुटलेल्या, कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) असलेल्या कामगारांवर मी अर्थशास्त्राचा लघुप्रबंध लिहीत आहे. २०१८ साली सुरू झालेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत पात्र कामगाराला सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम बेकारी भत्ता म्हणून, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच मिळू शकते. तरीही मला भेटलेल्यांपैकी बरेच जण अर्ज करत नाहीत. कागदपत्रांचा जाच हे एक कारण आहेच, पण कांडी भरणाऱ्या एका मावशींचे म्हणणे वेगळे होते : “बेकार होते असं कळलं, तर पुढचा मालक दारात उभं करणार नाही.”

ही भीती खरी आहे का, हे मला तपासायचे आहे. बर्ट्रांड आणि मुल्लयनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ च्या शोधनिबंधात भरतीतला भेदभाव मोजण्यासाठी केले तसे, नावे बदलून मालकांना काल्पनिक अर्ज पाठवणे येथे शक्य नाही, कारण भरती मुकादमाच्या ओळखीने आणि तोंडी होते. थेट विचारले तर सगळे मुकादम “काम येतं का, एवढंच बघतो” असे सांगतात, आणि त्या उत्तरावर विसंबता येत नाही. खोटे उमेदवार उभे करण्यास मार्गदर्शकांची परवानगी नाही, निधीही नाही. म्हणून काल्पनिक उमेदवारांची वर्णने मुकादमांना मराठी व तेलुगूत वाचून दाखवण्याचा विचार आहे.

अशा वर्णनांत आडनाव (त्यावरून जात-समाजाचा अंदाज बांधला जातो) आणि बेकारीचा काळ एकाच वेळी कसे बदलावेत, म्हणजे हेतू उघड न होता दोहोंचा परिणाम वेगवेगळा मोजता येईल?