यावल पट्ट्यात पाण्याचा कोणता उपाय आधी? बहुनिकष पद्धतीत उत्तर डळमळतंय

मोर_खोरे

राम राम मंडळी. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीकडे उतरणाऱ्या एका नाल्याच्या खोऱ्यात पाच गावं आहेत. केळी भरपूर, ट्यूबवेलचं पाणी दरवर्षी खाली, निधी मर्यादित. चार पर्यायांचा प्राधान्यक्रम लावायचा आहे: (अ) नाल्याच्या पात्रात रिचार्ज शाफ्ट (पाणी सरळ खालच्या थरात सोडणारा खोल खड्डा), (ब) सिमेंट नालाबांधांची साखळी आणि खोलीकरण, (क) केळीचं काही क्षेत्र कमी करून हरभरा-मका, (ड) ठिबक असलेल्या केळीत मल्चिंग आणि टेन्शिओमीटर (मातीतला ओलावा दाखवणारं साधन) पाहून पाणी देणं.

निकष सात घेतले: भूजल पातळीतली वाढ, पाणीसाठा, विहिरींचं पुनर्भरण, खर्च, शेतकऱ्याचं उत्पन्न, रोजगार, पर्यावरण. एएचपी पद्धतीने (दोन-दोन निकषांची तुलना करून वेटेज काढतात ती) जोडीजोडीने तुलना करून घेतली, म्हणजे २१ तुलना. अडचणी तीन. लॅम्डा-मॅक्स (तुलनांच्या तक्त्यावरून निघणारा आकडा, उत्तरं पूर्ण जुळली तर तो ७ यायला हवा) ८.५ येतोय, त्यामुळे सुसंगती गुणोत्तर, म्हणजे उत्तरांतल्या विसंगतीचं माप, ०.१९ झालं. पहिला क्रमांक ‘ब’चा आला, जो भूजलाच्या दृष्टीने पटत नाही. आणि तापीवरून उपसा हा पाचवा पर्याय नुसता शीटमध्ये टाकला, तर तो शेवटी आला पण वरच्या दोघांचा क्रम उलटला. चूक वेटेजमध्ये आहे की पद्धतीत?

तापीकाठ

मोर_खोरे भाऊ, दोन्हीकडे आहे. पण खरी गडबड वेटेज विचारण्याच्या क्रमात आहे, म्हणून तिथूनच.

तुमचे पहिले तीन निकष एकच गोष्ट तीन नावांनी मोजतात. पाणी अडलं की साठा वाढला, साठा वाढला की पुनर्भरण, पुनर्भरण झालं की पातळी. नालाबांधाला एकाच थेंबाचे तीनदा गुण मिळाले, ‘ब’ वर आला तो बहुतेक त्यामुळे. तिन्ही मिळून एकच निकष ठेवा: वर्षाला जलधराला (जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या थराला) मिळालेलं किंवा जलधरात वाचलेलं पाणी, टीसीएममध्ये (हजार घनमीटर). ‘पर्यावरण’ हा निकष काढून टाका. त्याला एकक नाही, त्यामुळे प्रत्येकाने मनातलं वेगळंच काहीतरी धरून आकडा दिला असणार.

सुसंगतीचं म्हणाल तर ८.५ वजा ७ भागिले ६ म्हणजे ०.२५. सात निकषांचा यादृच्छिक निर्देशांक (उत्तरं कशीही दिली तर सरासरी येणारा तोच आकडा) १.३२, त्याने भागलं की ०.१९. मर्यादा ०.१० मानतात. पण लोकांनी बेफिकिरीने उत्तरं दिली असं लगेच समजू नका. एएचपी मांडणाऱ्या साटी यांची मोजपट्टी १ ते ९ एवढीच आहे. कोणी पाणी हे उत्पन्नाच्या ५ पट आणि उत्पन्न हे रोजगाराच्या ३ पट म्हटलं, तर पाणी रोजगाराच्या १५ पट यायला हवं. पट्टी ९ ला संपते. निकष चारवर आणले की तुलना ६ उरतात आणि हा त्रास बराचसा मिटतो.

आता मुख्य मुद्दा. ‘पाणी महत्त्वाचं की उत्पन्न?’ हा प्रश्नच विचारू नका. त्याला यावलमध्ये सगळे ‘पाणी’ म्हणतील, आणि त्या उत्तराचा हिशेबाशी संबंध नाही. वेटेज निकषाच्या नावाला नसतं, त्या निकषावर वाईटापासून चांगल्यापर्यंत किती फरक पडतो त्याला असतं. चारही पर्यायांत पाण्याचा फरक ५ टीसीएमचाच असेल, तर पाणी कितीही मोलाचं असो, या निवडीत त्याचं वेटेज जवळजवळ शून्य हवं. म्हणून आधी आकड्यांचा तक्ता पूर्ण करा, मग वेटेज विचारा.

गणित दिसावं म्हणून उदाहरणाचे आकडे घेतो, ते तुमच्या खोऱ्याचे समजू नका. खर्च वेगळा ठेवतो, आणि रोजगाराच्या जागी अल्पभूधारक व देखभाल हे दोन मोजता येणारे निकष घेतो. पाणी (टीसीएम): अ ६००, ब ४५०, क ८००, ड ५००. निव्वळ उत्पन्नातला बदल (हजार रुपये प्रति हेक्टर): अ +५, ब +४, क −३०, ड +१०. लाभधारकांत अल्पभूधारक (टक्के): ६०, ५०, ३०, ४०. देखभालीचे मनुष्यदिवस वर्षाला (कमी तितके चांगले): १२०, ६०, ०, ८०.

याचे ० ते १०० गुण करताना यादीतल्या सगळ्यात वाईट पर्यायाला ० आणि सगळ्यात चांगल्याला १०० देऊ नका. तसं केलं की नवा पर्याय येताच पट्टी ताणली जाते आणि जुन्यांचे गुण हलतात. एएचपीत पर्यायांच्या गुणांची बेरीज १ करतात, तिथेही हेच होतं. बेल्टन आणि गिअर यांनी ते १९८३ मध्येच दाखवलं. तुमचा क्रम उलटला तो यामुळे. पट्टी आधीच पक्की करा: पाणी ० ते १०००, उत्पन्न −४० ते +२०, अल्पभूधारक ० ते १०० टक्के, मनुष्यदिवस २०० ते ०. मग गुण असे येतात:

अ: ६०, ७५, ६०, ४०
ब: ४५, ७३, ५०, ७०
क: ८०, १७, ३०, १००
ड: ५०, ८३, ४०, ६०

आता बैठकीत प्रश्न असा मांडा: ‘समजा चारही गोष्टी पट्टीच्या तळाशी आहेत. एकच वर न्यायची मुभा आहे. पाणी शून्यावरून १००० टीसीएम करणार, की हेक्टरी ४० हजारांचं नुकसान थांबवून २० हजारांचा फायदा घेणार?’ पहिली निवडलेली उडी १०० धरा, बाकीच्या तिच्या मानाने. पाणी १००, उत्पन्न ८०, अल्पभूधारक ४०, देखभाल ३० असं आलं, तर बेरीज २५० आणि वेटेज ०.४०, ०.३२, ०.१६, ०.१२. गुणाकार करून बेरीज: अ ६२.४, ड ६०.२, ब ५७.८, क ५४.२.

खर्च या बेरजेत घालू नका, आडव्या अक्षावर वेगळा ठेवा. समजा अ ८० लाख, ब २ कोटी, क ६० लाख, ड दीड कोटी. मग ब आणि ड दोन्ही ‘अ’पेक्षा महाग आणि गुणांनीही कमी, म्हणजे चर्चेतून बाहेर. प्रश्न एवढाच उरतो की ‘क’वरून ‘अ’वर जायला लागणारे २० लाख ८ गुणांसाठी द्यायचे का. असा प्रश्न ग्रामसभेला कळतो, ६२.४ हा आकडा कळत नाही.

पांझरा_फड

तापीकाठ यांची मांडणी बरोबर आहे, पण ‘ड’चे ५०० टीसीएम मला मान्य नाहीत. या पट्ट्यात वेटेजपेक्षा पाण्याच्या रकान्यात जास्त चुका होतात.

केळीला जास्त दिलेलं पाणी सगळं वाया जात नाही. गाळाच्या जमिनीत मुळांखाली गेलेल्या पाण्याचा काही भाग पुन्हा जलधरात उतरतो. मल्चिंग आणि मोजून पाणी दिल्याने पंपाचे तास कमी होतात, वीज वाचते. पण जलधराच्या हिशेबात खरी बचत फक्त बाष्पीभवन जेवढं कमी झालं तेवढीच. शिवाय वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या तुकड्यात केळी लागली, तर ती बचतही गेली. क्षेत्रवाढीवर गावाचं बंधन नसेल तर ‘ड’ला ५०० ऐवजी २०० धरून पाहा: पाण्याचे गुण ५० वरून २०, एकूण ६०.२ वरून ४८.२. दुसऱ्यावरून थेट शेवटी. वेटेजला हात न लावता.

‘क’लाही हाच नियम लावा. केळी आणि हरभऱ्याच्या पाळ्यांच्या पाण्यातला फरक धरू नका, पिकाने हवेत सोडलेल्या पाण्यातला फरक धरा.

आणि ‘अ’ व ‘ब’ एकाच नाल्याचं पाणी वापरतात. दोन्ही केले तर ६०० आणि ४५० मिळून १०५० होत नाहीत. साधारण ७०० मिमी पावसात नाल्यातून वाहतं तेवढंच दोघांत वाटलं जाणार. पर्याय सुटे न तपासता ‘अ’, ‘अ अधिक क’, ‘अ अधिक ड’ असे संच करा आणि प्रत्येक संचाचं पाणी नव्याने मोजा.

पांझरेच्या फड पद्धतीत (नदीवरच्या बंधाऱ्याचं पाणी शेतांच्या गटांना, म्हणजे फडांना, द्यायची जुनी रीत) आधी बंधाऱ्यात पाणी किती ते पाहतात, मग कोणत्या फडात कोणतं पीक ते ठरतं. तक्त्यातही मर्यादा आधी, पसंती नंतर.

मोर_खोरे

दोघांचेही आभार, ‘ब’ वर का आला ते कळलं. दोन शंका. वेटेज गटागटाने फार वेगळे येतील, सरासरी काढू का? आणि पिण्याच्या पाण्याला किती वेटेज देऊ?

गाळपेर

पिण्याच्या पाण्याला वेटेज देऊच नका. बेरजेच्या पद्धतीत एका निकषाचं नुकसान दुसऱ्याच्या फायद्याने भरून निघतं. केळीचं उत्पन्न पुरेसं वाढलं तर गावाची पाणीपुरवठ्याची विहीर आटली तरी चालेल, असं गणित मुकाट्याने सांगून टाकतं. त्याला किमान अट करा: मे महिन्यातही माणशी रोज ५५ लिटर मिळालंच पाहिजे. जो पर्याय नापास, तो गुणांच्या तक्त्यात येतच नाही.

दुसरी अट पाण्याच्या प्रतीची, आणि ती नेमकी पहिल्या आलेल्या ‘अ’ला लागते. शाफ्ट पिवळ्या चिकणमातीचा थर भेदून पाणी सरळ खाली नेतो. त्याच कारणाने केळीच्या शेतातून वाहून आलेलं नायट्रेटही गाळलं न जाता खाली जाऊ शकतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आधी जवळच्या ट्यूबवेलचा नमुना तपासा, गावाच्या गटारीचं पाणी येणाऱ्या नाल्यात शाफ्ट घेऊच नका, आणि वर गाळ बसायला टाकी ठेवा. शाफ्टमध्ये खाली मोठे दगड, मग गोटे, मग खडी, वर जाड वाळू. पहिल्याच पुरात वाळूवर गाळाचा थर बसतो आणि पाणी उतरणं मंदावतं. वरची वाळू दर उन्हाळ्यात काढून धुवावी लागते. १२० मनुष्यदिवस लिहिलेत ते याचेच. ते कोण करणार याचा ठराव नसेल, तर ‘अ’चं पाणी तिसऱ्या वर्षी ६०० धरू नका.

जागेप्रमाणे पर्यायही फोडा. पायथ्याच्या गोट्या-दगडांच्या पट्ट्यात पाणी आपोआप मुरतं, तिथे साधा बांधही चालतो. खाली चिकणमातीवर तोच बांध पाणी वर धरून ठेवतो, ते उन्हात उडतं आणि ट्यूबवेलपर्यंत पोहोचत नाही. ‘ब’ हा एक पर्याय नाहीच, पायथ्याचा ‘ब’ आणि सपाटीचा ‘ब’ असे दोन धरा.

तापीकाठ

पांझरा_फड यांची दुरुस्ती मान्य, ‘ड’ला मी दिलेला आकडा फसवा होता.

सरासरी काढू नका. ट्यूबवेलवाले केळी बागायतदार, कोरडवाहू कापूसवाले, शेतमजूर आणि पाणी भरणाऱ्या बायका, असे गट वेगळे बसवा आणि प्रत्येकाच्या वेटेजने वेगळा क्रम काढा. सरासरीत ज्यांची संख्या जास्त ते जिंकतात आणि मतभेद कुठे आहे ते दिसत नाही. सगळ्या गटांत ‘अ’ पहिला आला, तर वेटेजवर भांडायची गरजच नाही.

नाही आला, तर उलटबिंदू काढा, म्हणजे कोणत्या वेटेजला पहिला क्रमांक बदलतो ते. माझ्याच उदाहरणात पाण्याचं वेटेज बदललं आणि बाकी तिघांचं आपसातलं प्रमाण तेच ठेवलं, तर ‘क’ हा ‘अ’च्या पुढे जायला पाण्याला ०.५७ च्या वर वेटेज लागतं. खालच्या बाजूला, ‘ड’चे जुने ५०० धरले तर ०.२३ च्या खाली ‘ड’ पुढे जातो. २०० धरले तर ०.१३ च्या खाली ‘ब’ निसटता पुढे जातो, आणि ‘ड’ पहिला येतो तो पाण्याचं वेटेज ०.०३ च्याही खाली गेलं तरच. म्हणजे ‘ड’ला २०० धरले तर ०.१३ ते ०.५७ एवढ्या रुंद पट्ट्यात ‘अ’ टिकतो. गटांची वेटेज या पट्ट्यात बसतात का एवढंच बघायचं.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा घेते. तुमच्या खोऱ्यातल्या विहिरीचे जुने आकडे जळगावच्या कार्यालयातून मागवा. पावसानंतर ऑक्टोबरला पातळी किती चढते आणि मेपर्यंत किती उतरते, या दोन फरकांवरून टीसीएमचा रकाना भरा. तो भरेपर्यंत वेटेजची बैठक लावू नका.