डायलिसिसच्या पेशंटला त्याच्या श्रद्धेबद्दल विचारावं का?

वारकऱ्याची_लेक
बाबांचं डायलिसिस सुरू होऊन तीन वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. फिस्टुला, म्हणजे सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी, डाव्या हातात, तो हात हलवायचा नाही. उजव्या हातात जपाची माळ फिरत असते. बावीस वर्षं आळंदीहून पायी वारी केलेला माणूस. पण वारी सुटली तेव्हा ते खचले नाहीत, एकादशी मोडली तेव्हा खचले. आहाराच्या कागदावर 'उपवास बंद' एवढंच लिहून आलं होतं. पोटॅशियमची भीती खरी आहे, किडनी ते बाहेर टाकत नाही आणि वाढलं तर हृदयाला धोका; बटाटा, केळी, शेंगदाणे, शहाळं चालत नाही. पण साबुदाण्यात पोटॅशियम अगदी कमी असतं, हे दीड वर्षाने दुसऱ्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. दाण्याचं कूट न घालता वाटीभर खिचडी, गोळ्या वेळेवर, पाणी मोजून. त्या एकादशीला बाबा सकाळीच दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. वजन, बीपी रोज बघतात, तसं 'तुम्हाला कशाचा आधार वाटतो' हेही विचारायलाच हवं.

रानजाई
मला हे अजिबात पटत नाही. माझ्या आईला असा आधार द्यायला सगळे धावले. 'हे भोग आहेत, भोगूनच संपवायचे.' तिने दोनदा डायलिसिस मुद्दाम चुकवलं आणि धाप लागून मध्यरात्री न्यावं लागलं. जेवण जात नव्हतं, झोप नव्हती, कशात मन नव्हतं. सगळे म्हणाले, किडनीमुळे. किडनीच्या आजाराची आणि नैराश्याची लक्षणं इतकी सारखी की नैराश्य त्याखाली झाकून जातं. डायलिसिसवरच्या साधारण पाचातल्या एकाला तरी ते असतं! मानसोपचारतज्ज्ञांसमोर आई पहिल्यांदा बोलली: 'मी कुणाचं काय वाईट केलं होतं?'

वारकऱ्याची_लेक
मी म्हणते ती गरज हीच. या प्रश्नावर गोळी आहे का? 2017 साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. किडनीचा जुना आजार, पण अजून डायलिसिस नाही, अशा नैराश्याच्या पेशंटांमध्ये सर्ट्रालीन ही नैराश्यावरची गोळी औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाही.

रानजाई
डायलिसिसच्या पेशंटांवरचा अभ्यास 2019 चा आहे. त्यात बारा आठवड्यांनी हीच गोळी वर्तनोपचारापेक्षा, म्हणजे बोलून विचार-सवयी बदलण्याच्या उपचारापेक्षा, थोडी सरस ठरली, साइड इफेक्टही जास्त झाले. म्हणजे उपाय दोन आहेत, आणि दोन्ही तज्ज्ञांकडे मिळतात. कीर्तनात नाही.

दुसरी_शिफ्ट
मी डायलिसिस टेक्निशियन. तुमच्या वादात एक गोष्ट राहिली. आमच्याकडे तेच पेशंट, आठवड्याच्या त्याच दिवशी, त्याच बेडवर येतात. एक दिवस शेजारचा बेड रिकामा असतो आणि पुढच्या खेपेला तिथे नवीन माणूस. कुणी काही विचारत नाही, आम्ही काही सांगत नाही. मागे एक काका गेले. शेजारच्या आजोबांनी चार तासांत फक्त एवढंच विचारलं, 'त्यांचा डबा राहिलाय का इथे?' पुढच्या दोन खेपांना ते साडेचार किलो पाणी अंगावर घेऊन आले, म्हणजे दोन डायलिसिसच्या मधे शरीरात साठलेलं पाणी. एरवी कधी दोनच्या वर जात नाहीत. डॉक्टरांनी पथ्यावरून रागावलं. मला कळत होतं, पण काय बोलायचं ते कुणी शिकवलेलं नाही. त्यांना देव हवा होता की डॉक्टर, मला माहीत नाही. कुणीतरी जवळ बसायला हवं होतं.

रानजाई
हे वाचून थांबले. ठीक आहे, विचारा. पण विचारणाऱ्याने उत्तरं देऊ नयेत. पेशंट 'भोग' म्हणाला की झोप, भूक, जगावंसं वाटतं का, हे विचारून त्याच आठवड्यात तज्ज्ञांकडे पाठवा. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर भिंतीवर लावा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

वारकऱ्याची_लेक
नंबर सोमवारी मी स्वतः लावते. पण आहाराच्या कागदावर एकादशीची ओळही लिहून घेणार आहे, ती सोडणार नाही.