मदत हवी आहे: लांबच्या राईडसाठी रोड बाईक, बजेट कमी, रविवारपर्यंत ठरवायचं आहे

सड्यावरचा
नमस्कार मंडळी. सध्याच्या सायकलवर आता भागत नाही. ४० किमीपर्यंत ठीक, ६०-७० झाले की हात बधिर होतात आणि चढाला जीव जातो. डिसेंबरात आम्ही चौघे किनाऱ्याकिनाऱ्याने दापोलीला जाणार आहोत. बाकी तिघांकडे रोड बाईक आहेत, मी कायम मागे. दोन मॉडेलं बघून ठेवलीत, एकाला शिमानोचा क्लॅरिस गिअरसंच, दुसऱ्याला त्याच्या वरचा सोरा. फरक बारा हजारांचा. कोणती घेऊ? ऑफर रविवारी संपते, त्यामुळे "जुने धागे वाचा" कृपया सांगू नका. चालवून बघायची सोय इथे नाही.

बुलेटप्रेमी
माझी ३५० सीसी आहे, लांबच्या प्रवासाला एक नंबर. मागे वहिनी बसणार असतील तर सीट आधी बदलून घ्या, मूळची कडक असते.

सड्यावरचा
सायकल हो! वळलेल्या हँडलची सायकल.

बुलेटप्रेमी
मग तसं लिहा की. शीर्षकात बाईक म्हटल्यावर आम्ही काय समजायचं?

खाडीपलीकडे
"इथे" म्हणजे कुठे? बजेट आकड्यात सांगा. उंची, वजन? आत्ताची सायकल कोणती? टायर किती रुंद, हवा किती भरता? पत्रिका अर्धीच दाखवून लग्न ठरवायला सांगताय.

सड्यावरचा
रत्नागिरी. बजेट ५५ हजार, ताणून ६०. घरी ४० सांगितलेत. उंची ५ फूट ६ इंच, वजन ७०. सायकल हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची, २१ गिअरची, सहा वर्षांची. टायर आले होते तेच, ३५ मिमी. बाजूला ८५ पीएसआय लिहिलंय, तेवढी भरतो. पण नव्या सायकलीशी याचा काय संबंध? क्लॅरिस की सोरा एवढंच सांगा ना.

वेंगुर्ल्याचो झील
५५ हजार?? आमचो बापूस वेंगुर्ल्यासून शिरोड्याक सादे सायकलीन जाय, मागे माशाची टोपली. तेका खयचो सोरा नि खयचा क्लॅरिस?

पुणेरी रँडोनर
काका, ते पोटासाठी होतं, हे हौसेसाठी आहे.

वेंगुर्ल्याचो झील
दम लागान कसली हौस?

पुणेरी रँडोनर
धागाकर्ते, नवी घेऊच नका. पुण्यात कोविडमध्ये घेतलेल्या कितीतरी सायकली बाल्कनीत कपडे वाळवायच्या कामाला आहेत. ६० हजारांत सेकंडहँड १०५ मिळेल, म्हणजे सोराच्याही बराच वरचा गिअरसंच. मी तशाच सायकलवर २०० किमीची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब राईड केली, साडेतेरा तासांची मुदत असते, तास शिल्लक ठेवून आलो. चेन तेवढी शाळेच्या फूटपट्टीने मोजून घ्या. पिनेपासून पिनेपर्यंत बारा पूर्ण कड्या (आतली-बाहेरची मिळून एक) बरोबर बारा इंच भरल्या पाहिजेत. इंचाचा सोळावा भाग जास्त भरली की चेन गेली.

खाडीपलीकडे
आणि फ्रेमला बारीक तडा असेल तर तो कोणत्या फूटपट्टीने मोजायचा? माणूस रत्नागिरीत, सायकल पुण्यात. पहिलीच रोड बाईक आहे, काय बघायचं हे त्याला कळणार कसं?

पुणेरी रँडोनर
जाणकाराला सोबत न्यावं.

खाडीपलीकडे
म्हणजे तुम्हाला. तरीच.

दात मोजणारा
भांडण आवरा. धागाकर्ते, क्लॅरिस की सोरा हा प्रश्नच नाही. क्लॅरिसला मागे ८ चकत्या, सोराला ९. चढाला तुम्हाला तारणार ते दात. सायकल उलटी करा आणि पुढच्या सर्वांत लहान चकतीचे दात मोजा, मागच्या सर्वांत मोठीचे मोजा. दोन्ही नव्या मॉडेलांच्या माहितीतही हेच आकडे शोधा. मग बोलू.

सड्यावरचा
मोजले. माझी पुढे २८, मागे २८. क्लॅरिसवाली ३४ आणि २८. सोरावाली ३४ आणि ३२.

दात मोजणारा
आता बघा. तुमच्या हायब्रिडवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.२ मीटर पुढे जाते. क्लॅरिसवालीवर तीच २.६ मीटर जाईल. म्हणजे जिथे आज जीव जातो, तिथे एका फेऱ्यात आणखी ४० सेंटिमीटर ओढायचेत. सायकल दोन-तीन किलो हलकी झाली तरी तुम्ही ७० किलोच आहात. सोरावाली २.३ च्या आत राहते, जमेल. सपाट रस्त्यावर हा फरक कळणारही नाही, पण किनाऱ्याचा रस्ता सपाट असतो हा मुंबईकरांचा समज. प्रत्येक खाडीला खाली उतरा, पूल नाहीतर फेरीबोट, पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर चढा. आरे-वारेला समुद्र बघत उतरताना मजा येते, परत येताना विचारा.

क्लॅरिसच घ्यायची असेल तर ८ स्पीडची ११-३२ किंवा ११-३४ दातांची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवता येते, सोराच्या फरकापेक्षा पुष्कळ स्वस्तात. फक्त मागच्या डिरेलरचा (चेन चकत्यांवरून सरकवणाऱ्या भागाचा) पिंजरा, म्हणजे चेन धरणारी खालची पट्टी, आखूड असेल तर एवढे दात बहुधा घेत नाही. लांब पिंजरा आहे का ते दुकानदाराकडून लिहून घ्या. "हो हो बसेल" तोंडी चालणार नाही, माझ्या डिरेलरचा हुक असाच वाकला आणि मी आठ किमी सायकल ढकलत घरी आलो.

जांभा
गिअर सोडा, ब्रेक बघा. कोकणात डिस्कशिवाय सायकल घेऊ नये. पावसात जांभ्याची लाल माती रिमवर बसते आणि ब्रेकचे रबर सँडपेपरसारखे घासतात. माझी रिम दोन पावसाळ्यांत बशीसारखी खोलगट झाली.

खाडीपलीकडे
डिसेंबरच्या राईडला कुठला पाऊस? या बजेटात डिस्क म्हणजे वजन वाढणार आणि दुसरीकडे काहीतरी कापलं जाणार. रिम ब्रेक गावातला कुणीही लावून देतो.

जांभा
डिसेंबरनंतर सायकल विकणार आहेत का ते? केबलवाली डिस्क घ्या, तीही कुणीही लावून देतो. हायड्रॉलिक मात्र नको. माझ्या मित्राच्या ब्रेकमधली हवा काढायला जवळपास कुणी नव्हतं, सायकल गाडीत टाकून कोल्हापूरला नेली. आणि कोणतीही घ्या, किनाऱ्यावरून आलात की गोड्या पाण्याने धुवा, चेन पुसा, तेल घाला. खाऱ्या हवेत बोल्ट असे गंजतात की वर्षाने सीटपोस्ट, म्हणजे सीटची दांडी, हलत नाही. घेतल्या दिवशीच तिथे ग्रीस लावा.

सुरमई_तळलेली
मार्ग कोणता धरणार? आरे-वारे, गणपतीपुळे, जयगड, फेरीने तवसाळ, गुहागर, मग धोपाव्याहून फेरीने दाभोळ असाल तर मुक्काम गुहागरला करा. सायकली फेरीवर घेतात. शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशी विचारून ठेवा, नाहीतर काठावर बसून डास मोजाल. जेवायला घरगुती खानावळीत आधी फोन करून जा. आणि चढाआधी सोलकढी भरपूर पिऊ नका, अनुभव आहे.

सड्यावरचा
मार्ग हाच. पण सायकल??

आयुर्वेदाचार्य_नव्हे
सगळ्यांनी हात विसरले. हात बधिर होतात हे पहिल्या ओळीतच लिहिलंय. ३५ मिमीच्या टायरात ८५ पीएसआय म्हणजे बैलगाडी झाली! बाजूला लिहिलेला आकडा वरची मर्यादा असते, सल्ला नव्हे. ७० किलोच्या माणसाला ५० पुष्कळ. दुसरं, सीटचं नाक खाली झुकलंय का? झुकलं असेल तर शरीर पुढे घसरतं आणि सगळा भार तळहातांवर येतो. रोड बाईकवर तुम्ही आणखी वाकणार, म्हणजे आत्ता दुखतंय ते तिथे जास्त दुखेल. वळलेल्या हँडलला हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात हा फायदा खरा, पण फ्रेम मापाची असेल तरच. माप काय आहे?

सड्यावरचा
लिहिलं की, ५ फूट ६.

आयुर्वेदाचार्य_नव्हे
तुमचं नाही हो, सायकलचं! आणि पायाची आतली उंची मोजा. भिंतीला टेकून अनवाणी उभे राहा, पायांमध्ये जाड पुस्तक वरपर्यंत दाबून धरा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत सेंटिमीटर घ्या. त्याला ०.८८३ ने गुणलं की पायडलच्या दांड्या फिरतात त्या मधल्या बोल्टपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण कळते.

वेंगुर्ल्याचो झील
पुस्तक खयचा घेवचा?

सड्यावरचा
अपडेट. हवा ५० केली, सीटचं नाक सरळ केलं. पाय ७७ भरला, गुणाकार ६८ येतो, माझी सीट ६४ वर होती. वर घेतली. आज सकाळी पावसमार्गे पूर्णगडपर्यंत जाऊन आलो, पन्नासेक किमी. हात ठीक आहेत. पायही बरे चालले. तिघांच्या मागे पडायचा तो पडलोच, पण आधी ते चहा पिऊन मोकळे झालेले असायचे, आज त्यांचा चहा यायचा होता.

दुकानदाराला फोन केला. सोरामध्ये फक्त ५६ माप शिल्लक आहे, "सीट खाली घ्या, चालेल" म्हणाला. नको म्हटलं. क्लॅरिसवालीचं ५२ आहे, पिंजऱ्याचं विचारलं तर "साहेब, सायकलला पिंजरा नसतो."

दात मोजणारा
फोटो मागवा, मी सांगतो. ऑफर दिवाळीलाही येते.

चिपळूणकर_९
हायब्रिड काढणार असाल तर आधी मला सांगा. पुतण्याला कॉलेजला हवी आहे. किती घ्याल?

सड्यावरचा
अहो, नवी अजून आलीय कुठे!

चिपळूणकर_९
तरी अंदाजे?